घरातलं पंधरावं माणूस

नामदेवांच्या घरची माणसं मोजणारा एक छोटा अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई. बेरीज चौदा भरते. पंधरावी जनी. आधीच्या चौदाही जणांना नातं आहे. कुणी सासू, कुणी सून, कुणी बाप, कुणी लेक. जनीला नातं नाही, काम आहे. ती घरची दासी, आणि स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे थोडी वेडी.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची ही बाई. गाव गोदावरीच्या काठी, काळ देवगिरीच्या यादवांचा. बाप दमा, आई करुंड, दोघंही विठ्ठलाचे भक्त आणि जातीनं शूद्र, एवढं परंपरा एकमुखानं सांगते. पुढे मात्र हकिकती फुटतात. एकीत आईबापांनी लहानग्या जनीला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दुसरीत यात्रेला आलेली पोर देवळातून हलेना, म्हणून नामदेवांनीच तिला घरी नेलं. पहिलीत निर्णय बापाचा आहे, दुसरीत मुलीचा. दोन्हींच्या मागे एकच कोरडी गोष्ट असू शकते: गरीब घरातली मुलगी ओळखीच्या कुटुंबात कामाला राहिली. दामाशेटींचं मूळ गाव नरसी बामणी. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत हेही परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणजे एकाच मुलखातली दोन कुटुंबं, एक शिंप्याचं, एक त्याहून खालच्या पायरीवरचं, दोन्ही पंढरीच्या वाटेवरची. यापलीकडे तर्काला आधार नाही.

आधाराची स्थिती आधीच सांगायला हवी, कारण जनाबाईंवर लिहिताना ती सोयीस्करपणे विसरली जाते. त्यांच्या हयातीतला एकही कागद उरलेला नाही. परंपरेनं दिलेला मृत्यूचा शक १२७२, म्हणजे इसवी १३५०. नामदेवांच्या परिवाराचे अभंग ज्या वह्यांमधून आपल्यापर्यंत आले त्या यानंतर कित्येक पिढ्यांनी लिहिलेल्या, कीर्तनकारांनी आपल्या गरजेनुसार निवडलेल्या. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, तिथे जनाबाईंचं एकही नाही. महिपतीबुवा ताहराबादकरांनी ‘भक्तविजय’ पुरा केला तो शके १६८४ म्हणजे १७६२ साली, जनाबाईंनंतर चारशे वर्षांहून अधिक काळानं. तुकाराम तात्या पडवळांनी मुंबईत नामदेवांची, त्यांच्या कुटुंबाची आणि समकालीनांची गाथा छापली ती १८९४ ची. महाराष्ट्र शासनाची नामदेव गाथा १९७० ची. आज ‘सकलसंतगाथे’त जनाबाईंच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतला कोणता चौदाव्या शतकातला आणि कोणता नंतरच्या एखाद्या कीर्तनकारानं ‘जनी’ची मुद्रा लावून रचलेला, हे सांगण्याचा खात्रीचा उपाय कुणाजवळ नाही.

भाषा तर सरळ साक्ष देते. यादवकाळची मराठी कशी होती ते महानुभावांच्या पोथ्यांवरून कळतं, कारण त्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिल्या आणि लोकांच्या जिभेला लागल्या नाहीत. जनाबाईंचे अभंग त्यांच्याशेजारी ठेवले की शेकडो वर्षांची झीज दिसते. शब्द गुळगुळीत झालेत, प्रत्यय बदललेत. तेव्हा एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा जनाबाईंचाच’ असं म्हणणं मी टाळतो. परंतु अभंगांतले प्रसंग, त्यांतली कामं आणि बोलणाऱ्या बाईची जागा ही पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या अभंगांत सारखीच येते. एका बाईनं रचलं असेल किंवा एका बाईच्या नावाखाली अनेकींनी; ही जागा घट्ट आहे. पुढचं सगळं वाचन त्या जागेवर उभं आहे, तेवढाच त्याचा जोर समजावा.

आणि त्या जागेवरून पाहिलं की एक प्रश्न आपोआप पुढे येतो. ज्या बाईला घरात नातं नव्हतं, तिनं देवाशी कोणतं जोडलं?

भारतीय भक्तिकाव्यात बाईसाठी एक वाट तयार होतीच. तमिळ देशात आंडाळनं रंगनाथाला वरलं. कन्नडमध्ये बाराव्या शतकात अक्कमहादेवीनं चेन्नमल्लिकार्जुनाला नवरा मानून घर सोडलं. पुढे मीराबाईंच्या नावाभोवतीही हाच गोफ विणला गेला. बाईनं आत्म्याविषयी बोलायचं तर ते वधूच्या तोंडून, ही अपेक्षा इतकी रुळलेली की पुरुष कवीही विरहिणीचा वेश घेऊन बोलत. ज्ञानदेवांच्या विराण्या मराठीत सर्वांना ठाऊक आहेत. जनाबाईंकडे मात्र ही वाट जवळजवळ रिकामी आहे. त्यांच्या अभंगांत विठ्ठल बहुतेक वेळा आई असतो, बापही असतो, सखा असतो, आणि पुष्कळदा बरोबरीनं राबणारा गडी असतो. नवरा क्वचितच.

कामांची यादी गाथेतून गोळा करता येते. दळण, कांडण, झाडलोट, केर उचलून टाकणं, चंद्रभागेचं पाणी भरणं, धुणं, शेण्या वेचायला रानात जाणं. मोठ्या शिंपीघरातल्या मोलकरणीचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस यातून उभा राहतो, आणि त्यातल्या प्रत्येक कामाला देव हात लावतो. जातं ओढताना तो पलीकडे बसतो. ती झाडते, तो केर भरतो. या प्रसंगांना चमत्कार म्हणून वाचायची सवय आपल्याला महिपतींनी लावली. अभंगांत मात्र आश्चर्याचा सूर फार थोडा आहे. दोघी जावा एकमेकींचं काम हलकं करतात, त्या ओघात हे सांगितलेलं असतं. प्रेमाची कसोटी इथे दर्शन नाही, मीलन तर नाहीच. कुणी न सांगता माझ्या वाटचं काम उचललं का, ही आहे. चौदा माणसांच्या घरात ज्या बाईला हा अनुभव रोज येत नसेल तिच्याच मनात देवाची परीक्षा अशी ठरेल.

एका अभंगात जनी तुळशीच्या बनात वेणी सोडून बसली आहे आणि देव हातावर लोणी घेऊन तिचं डोकं चोळतो आहे. तिचं करायला दुसरं कुणी नाही, हे ती सांगून टाकते. मोकळे केस, एकांत, पुरुषदेवाचा स्पर्श: शृंगाराची सगळी सामग्री हजर, आणि तरीही हे दृश्य शृंगाराकडे वळत नाही. ते माहेरच्या ओसरीकडे वळतं. केस विंचरून द्यायला आई लागते, बहीण लागते. जनीला दोन्ही नव्हत्या. अन्यत्र ती त्याच्याकडून उवाही काढून घेते. आधुनिक समीक्षेनं या अभंगांत दडपलेली वासना शोधलेली आहे. मला तो शोध घाईचा वाटतो. अंगाला प्रेमानं हात लागावा ही इच्छा वासनेहून जुनी असते, आणि पोरक्या वयात दुसऱ्याच्या घरी आलेल्या मुलीला ती कशी छळत असेल हे समजायला वेगळ्या शास्त्राची गरज नाही.

ज्ञानेश्वरांवरचा अभंग याहून धीट आहे. त्यांना ती ज्ञानाचा सागर मानते, आपला सखा म्हणते, आणि लगेच इच्छा बोलून दाखवते की मरणानंतर त्यांनी तिच्या पोटी जन्म घ्यावा. शूद्र दासी, वाळीत टाकलेल्या का होईना पण ब्राह्मण कुळातल्या संन्याशाच्या मुलाबद्दल, हे म्हणते आहे. सखा आणि लेक ही दोन नाती एका दमात. मधलं एक नातं, ज्याची कुणालाही आधी आठवण व्हावी, ते तिनं ओलांडून टाकलं आहे. ते सुचलं नाही, की सुचूनही बोलायचं टाळलं? गाथा उत्तर देत नाही आणि इतिहासकारानं दिलेलं उत्तर त्याचं स्वतःचं असेल.

भांडणही आहे. विठ्ठल दाद देत नाही तेव्हा ती त्याला शिव्या घालते, त्याच्या मूळ मायेचा उद्धार करते, त्याच्या बायकोला वैधव्य येवो असं म्हणायलाही कचरत नाही. अंगणात उभं राहून, मोठ्यानं. ज्या घरात तिला वर आवाज काढायची सोय नव्हती त्या घराच्या देवापाशी ती आवाज चढवते. हे अभंग नंतरच्या कीर्तनकारांनी टिकवले ही त्यांची रसिकता खरीच. एखाद्या सोवळ्या संपादकानं ते सहज वगळले असते.

प्रीतीची बाजारू भाषा जिथे येते तो अभंग एकटा पडावा असा आहे. डोक्यावरचा पदर खांद्यावर पाडून, भर बाजारात, जनी पंढरीत पाल मांडते आणि केशवाच्या घराची वेश्या म्हणवून घेते. शालीन वधूची जागा तिला देऊ केली नव्हती. दासीबद्दल गावात काय बोललं जातं ते तिला ठाऊक असणार. तोच बोल तिनं उचलून आपल्या अंगावर पांघरला. आणखी एका अभंगात ती स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये असं सांगते. दोन्ही अभंग एकत्र ठेवले तर कळतं की खंत करण्याजोगं काय काय होतं.

याच सुमाराला, याच मुलखात, प्रेमावर आणखी एक कवी लिहीत होता. भास्करभट्ट बोरीकर, महानुभाव पंडित. त्यांचं बोरी गाव परभणी जिल्ह्यातलं मानलं जातं. त्यांच्या ‘शिशुपालवधा’त हजारावर ओव्या आहेत, आणि वधाला त्यांत जागा थोडी. भरलेली आहे ती कृष्ण-रुक्मिणीची प्रीती, रुसवा, विरह, जलक्रीडा. पंथातल्या जाणकारांनी काव्य वाखाणलं, पण संन्यस्तांच्या हाती देण्याजोगं ते नाही असं ठरवलं, आणि मग भास्करभट्टांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी महानुभाव परंपरेची हकिकत आहे. तिचा तपशील कितीही घासून पाहिला तरी दोन ग्रंथांचा वेगळेपणा डोळ्यांना दिसतो. पहिल्यात बाई आहे, दुसऱ्यात उपदेश.

भास्करभट्टांची रुक्मिणी देखणी आहे, तिचा विरह संस्कृत काव्यशास्त्राच्या सगळ्या कसोट्यांना उतरतो. चंदन, चांदणं, कमळ, कोकिळा. तिला घरात एकही काम नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही. महाकाव्याची नायिका शेण्या वेचत नाही. पण पंथाला जे प्रेम निवृत्तीच्या आड येतंसं वाटलं, ते पाहिलेलं प्रेम होतं, बाईकडे बाहेरून पाहून रेखाटलेलं. पंथानं बोट ठेवलं ते शृंगारावर. बाईच्या तोंडून पंडितच बोलतो आहे, यावर कुणाची हरकत नव्हती.

पुरुषाच्या प्रेमकवितेत बाईला आवाज किती, हे पाहायला लंडनचा जॉन डन उपयोगी पडतो. आत्मा आणि शरीर यांचा कूट संबंध प्रेमाच्या कवितेतून सोडवू पाहणारे सतराव्या शतकातले ते इंग्रज कवी, ज्यांच्या माथी १७७९ साली डॉक्टर जॉन्सननं ‘मेटाफिजिकल’ हे नाव पक्कं केलं, त्यांच्यात डन पहिला. जन्म १५७२, मृत्यू १६३१. त्याच्या प्रेमकवितांत समोर एक बाई असते, तिच्याशी वाद घातला जातो, तिची समजूत काढली जाते, क्वचित तिची टवाळीही होते. ती स्वतः काही म्हणत नाही. डनची बायको ॲन १६१७ साली वारली, बाराव्या बाळंतपणानंतर, आणि मूलही मृत जन्मलं. तिच्या मृत्यूवर त्यानं सुनीत लिहिलं. ॲननं डनबद्दल काय लिहिलं असेल ते कुणालाच वाचायला मिळालेलं नाही. डनच्या धार्मिक सुनीतांत आत्मा देवाला विनवतो की मला जिंक, बळानं ताब्यात घे. जनाबाईंच्या देवाला कुणी असं सांगत नाही. त्याला जात्याच्या खुंट्याला हात लावायला सांगतात.

ही तुलना फार ताणू नये. डनची कविता हस्तलिखितांतून मित्रांत फिरली आणि मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १६३३ ला, छापली गेली. तिचा पाठ तपासता येतो. जनाबाईंचा येत नाही. पण पुरुषाच्या कवितेत जी बाई गप्प बसलेली असते तिला बोलायला मिळालं तर ती काय बोलेल, याचा एक नमुना गंगाखेडच्या या दासीच्या नावावर आहे, आणि त्यात शृंगार नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

त्याच घरातल्या दुसऱ्या बायकांचं काय? गोणाई आणि राजाई यांच्या नावानंही अभंग सापडतात. राजाईंची तक्रार साधी आहे: नवरा देवामागे लागला, घरात दाणा नाही, पोरंबाळं कशी जगवायची. गोणाईही मुलासाठी विठ्ठलाशी भांडते. हे अभंग त्या बायकांचे, की त्यांचं सोंग घेऊन नामदेव किंवा इतर कुणी रचलेले, याचा निवाडा होत नाही. सोंग असलं तरी बोलणं खरं वाटतं. नात्यानं बांधलेल्या बायकांना विठ्ठल सवतीसारखा वाटला. जिला नातं नव्हतं तिला तो माहेर वाटला. एकाच छपराखाली देवाची ही दोन रूपं आहेत, आणि चरित्रकारांनी राजाईंना संसारी, अजाण ठरवून त्यांतलं एक झाकून टाकलं.

चरित्रकारांनी जनाबाईंचंही काही झाकलं. पदकाची गोष्ट घ्या. रात्री देव जनीकडे दळायला आला, पहाटे घाईनं निघताना आपलं पदक आणि शेला विसरला, तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी बडव्यांना देवाच्या गळ्यात पदक दिसेना. आळ जनीवर आला, तिला सुळी द्यायला नेलं, सुळाचं पाणी झालं. महिपती ही कथा रंगवून सांगतात. गाथेतही तिचे धागे आहेत. चमत्कार बाजूला ठेवला तर उरतं ते असं: देवळातला दागिना हरवला आणि संशय मोलकरणीवर गेला. या उरलेल्या भागाला कुठल्याही शतकात साक्षीदार मिळतील. पेशवाईतल्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागद आहेत. ते चौदाव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, परंतु महिपतींच्या काळातल्या श्रोत्यांना दासी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं, एवढं त्यांवरून दिसतं. अभंगांत दिवसाढवळ्या चालणारी सोबत कथेत रात्रीच्या भेटीची झाली, आणि अंथरुणाची अदलाबदल तिच्यात शिरली. वधूची जागा जनाबाईंनी घेतली नव्हती. कथेनं त्यांना तिच्याजवळ नेऊन बसवलं. कबीर काशीहून त्यांना भेटायला येतात आणि शेण्यांतून विठ्ठलनाम ऐकतात ही गोष्टही अशीच पुढे जोडलेली. कबीरांचा काळ पंधराव्या शतकाचा आहे.

या सगळ्या गोंधळात एक अभंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कोणत्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले याची ती नोंद आहे. ज्ञानेश्वरांचे सच्चिदानंदबाबांनी, सावता माळ्याचे काशीबा गुरवानं, चोखामेळ्याचे अनंतभट्टांनी, अशी नावं येतात. जनीपाशी आल्यावर लेखक म्हणून नाव पांडुरंगाचं. भाविकाला यात देवाची कृपा दिसते आणि ती दिसू द्यावी. कागदपत्रांच्या अभ्यासकाला मात्र ही रिकामी जागा दिसते. चोखोबांना, गावकुसाबाहेर राहणाऱ्याला, लिहून घेणारा माणूस मिळाला होता. जनाबाईंच्या पुढे कोणत्याही माणसाचं नाव घालता आलं नाही. हे खरं असेल तर अभंगांची भाषा इतकी का झिजली याचंही कारण इथेच आहे: ते वहीतून आले नाहीत, जात्यावरून आले.

‘थाळीपाक’ आणि ‘द्रौपदीवस्त्रहरण’ ही आख्यानं जनाबाईंच्या नावावर आहेत, ‘हरिश्चंद्राख्यान’ही. पहिल्या दोन आख्यानांनी मुक्तेश्वरांना स्फूर्ती दिली असं मराठी वाङ्मयेतिहासात सांगितलं जातं. दोन्हींत संकटातली बाई देवाला हाक मारते. ‘थाळीपाका’त तर दुर्वास शिष्यांसह जेवायला दारात आणि भांडं धुऊन पालथं घातलेलं. कृष्ण थाळीला चिकटलेलं भाजीचं पान खातो आणि सगळ्यांची पोटं भरतात. स्वयंपाकघरातली ही धास्ती रचणाऱ्याला ऐकून माहीत होती की अनुभवून, असा प्रश्न मनात येतो. कर्तृत्व सिद्ध करायला मात्र तो पुरत नाही.

पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचं जातं दाखवतात. पुरावा म्हणून त्याची किंमत नाही. जात्यावरच्या ओव्यांची मात्र आहे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत जनी आणि विठ्ठल फार वेळा येतात, आणि रुक्मिणीचा राग येतो: देव मंदिर सोडून मोलकरणीकडे का जातो, म्हणून. म्हणजे दळणाऱ्या बायकांनीही वधूचा, सवतीचा पेच पाहिला होता. पण महिपतींना सूळ आणि न्याय लागला, तो ओव्यांना लागला नाही. त्यांत विठ्ठल रुक्मिणीची समजूत काढतो, किंवा काढतच नाही, आणि दळण चालू राहतं. राजाईंची जी बाजू चरित्रांनी पुसली ती इथे रुक्मिणीच्या तोंडी शिल्लक आहे. दळणारी बाई एकाच बैठकीत जनीचीही असते आणि रुक्मिणीचीही.

१९९६ साली हा प्रकल्प परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला पोचला. तिथल्या एका बाईच्या आवाजात सीतेच्या वनवासाच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. नोंदीत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, दिवस आहे. गंगाखेड आणि ताडकळस एकाच जिल्ह्यात. गोदाकाठच्या गावांतून मिळालेल्या ओव्यांतली जनी वेगळी काढून गाथेतल्या जनीशेजारी ठेवली, तर कोणते प्रसंग दोन्हीकडे आहेत आणि कोणते फक्त पोथीत, हे निदान मोजता येईल. सुरुवात पदकापासून करावी.